गाडीत गाणे बसवताना

माझा पुतण्या पिकअप चालवतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरतो आणि रात्री माळशेज घाट उतरून वाशीला पोचवतो. गाडी बँकेच्या कर्जाची आहे. दर महिन्याला हप्ता आहे. घरातली पाच माणसे त्या गाडीवर जेवतात.

एके दिवशी सकाळीच तो माझ्याकडे आला. चेहरा उतरला होता.

"तात्या, गाडी पेटता पेटता वाचली," तो म्हणाला.

"काय झालं रे?"

"गाण्याचं मशीन बसवून घेतलं होतं. घाटाच्या अलीकडे आवाज वाढवला. थोड्या वेळात जळकट वास आला. बोनेट उघडलं तर धूर! पान्याने बॅटरीची तार सोडवली म्हणून निभावलं."

मी गाडी पाहिली. मशीनला घरातल्या दिव्याला लावतात तसली बारीक तार जोडलेली होती. ती पत्र्याच्या भोकातून ओढली होती. पत्र्याच्या धारेने तिचे आवरण कापले गेले होते. आणि फ्यूज तर कोठेच नव्हता!

मी काही मिस्त्री नव्हे. पण तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली. तालुक्याच्या एका जाणत्या वायरमनला बोलावले. आम्ही तिघांनी सारे काम पुन्हा केले. ते कसे केले, हे आज सांगतो. तुमच्याकडे पिकअप असेल, टेम्पो असेल, ट्रॅक्टर असेल, तरी हिशेब हाच आहे.

आवाज कसा होतो?

स्पीकर उघडा करून पाहा. पुढे कागदाचा शंकू दिसतो. मागे जड लोहचुंबक असतो. मध्ये बारीक तारेचे वेटोळे असते. त्या वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबकाजवळ पुढे-मागे हलते. त्याबरोबर कागद हलतो. कागद हवेला ढकलतो. तीच हवेची लाट आपल्या कानावर येते. तिलाच आपण आवाज म्हणतो. अशा जातीचा स्पीकर 1925 साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी पुढे आणला. आजही रीत तीच आहे.

गाडीतल्या टेपमधून येणारी वीज दुबळी असते. ती मोठा कागद हलवू शकत नाही. म्हणून मध्ये अँप्लिफायर लावतात. तो बॅटरीतून वीज घेतो आणि दुबळ्या विजेला बळ देतो. म्हणजे आवाजाचे बळ शेवटी बॅटरीतूनच येते. ही गोष्ट पक्की ध्यानात धरा. पुढचा सारा हिशेब हिच्यावर आहे.

वीज म्हणजे पाटाचे पाणी

विजेची तीन मापे आहेत. व्होल्ट, अँपिअर आणि वॉट.

शेतावरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. हा जोर म्हणजे व्होल्ट. पाइपातून दर मिनिटाला किती पाणी वाहते, ते म्हणजे अँपिअर. जोर आणि वाहते पाणी यांचा गुणाकार केला की किती काम होईल ते कळते. ते वॉट.

व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॉट. एवढे एक गणित आले की पुरे.

पिकअपची बॅटरी 12 व्होल्टची असते. गाडीचे पुढचे दोन दिवे मिळून 120 वॉटचे आहेत असे समजा. 120 ला 12 ने भागा. उत्तर 10. म्हणजे दोन दिवे 10 अँपिअर वीज ओढतात.

पेटीवरचा आकडा

पुतण्याच्या अँप्लिफायरवर मोठ्या अक्षरांत 2000 वॉट छापले होते. त्याचे पैसेही त्याने तसेच मोजले होते.

"तात्या, दोन हजार वॉटचा आहे," तो म्हणाला.

मी म्हणालो, "त्याच्या मागच्या बाजूला फ्यूज आहे. त्यावरचा आकडा वाच."

त्याने वाचला. 30 अँपिअर.

"आता गुणाकार कर."

त्याने बोटाने धुळीत आकडे मांडले. 30 गुणिले 12 म्हणजे 360. इंजिन चालू असताना बॅटरीचा जोर 14 व्होल्टच्या आसपास जातो. तेव्हाही 30 गुणिले 14 म्हणजे 420. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला.

420 वॉट आत जात असतील, तर 2000 वॉट बाहेर कसे येतील? शेरभर दूध घालून पाच शेर दही लागेल काय? उलट काही वीज अँप्लिफायर तापण्यात जाते. त्याच्या पदरात तीनशे वॉट पडले तरी पुष्कळ झाले.

दुकानात पेटीवर बहुधा क्षणभराच्या उसळीचा आकडा छापलेला असतो. आपण सतत मिळणारा आकडा विचारावा. त्याला आर.एम.एस. वॉट म्हणतात. आणि दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यापेक्षा मागच्या फ्यूजवर भरवसा ठेवावा. ज्याला वाचता येते आणि गुणाकार येतो, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

तार किती जाड हवी?

बारीक नळीतून पुष्कळ पाणी ढकलले तर पुढे धार बारीक पडते. तारेचेही तसेच होते. शिवाय तार तापते.

घरातल्या दिव्याची तार बहुधा दीड चौरस मिलिमीटरची असते. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत पाच मीटर तार गेली आणि तिच्यातून 30 अँपिअर वीज वाहिली, तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट गळतात. जवळजवळ 50 वॉट उष्णता नुसत्या तारेत तयार होते. पूर्वीचा पिवळा 60 वॉटचा दिवा आठवा. त्याला हात लावता येत नसे. तेवढी ऊब तारेच्या आवरणात कोंडली तर आवरण वितळणारच. पुतण्याच्या गाडीत तेच झाले.

आम्ही 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली. तेवढ्याच लांबीत तिच्यात फक्त पाव व्होल्टच्या आसपास गळती होते. तार गार राहते.

तार घेताना टोक खरवडून पाहा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिच्यावर तांब्याचा नुसता मुलामा आहे. तेवढ्या जाडीत ती तांब्याइतकी वीज वाहत नाही.

फ्यूज म्हणजे राखणदार

फ्यूजमध्ये मुद्दाम कमजोर पट्टी ठेवलेली असते. वीज हद्दीबाहेर वाहू लागली की ती पट्टी आधी वितळते. वाट तुटते. तार आणि गाडी वाचते.

पुतण्या म्हणाला, "अँप्लिफायरला फ्यूज होता की. मग तार का जळली?"

प्रश्न चांगला होता. अँप्लिफायरचा फ्यूज अँप्लिफायरला राखतो. पण तार वाटेतच पत्र्याला टेकली, तर वीज अँप्लिफायरपर्यंत जातच नाही. ती बॅटरीतून निघून सरळ पत्र्यात उतरते. बांध अर्ध्या वाटेत फुटला, तर पाटाच्या शेवटी बसलेला राखणदार काय करील?

म्हणून दुसरा फ्यूज बॅटरीपाशीच हवा. बॅटरीच्या अधिक टोकापासून हातभर अंतराच्या आत. आम्ही तेथे 40 अँपिअरचा फ्यूज घातला. तो पुन्हा पुन्हा उडू लागला तर त्याच्या जागी मोठा फ्यूज, तार किंवा चांदी घालू नये. तो का उडतो ते शोधावे. राखणदार ओरडला म्हणून त्याचे तोंड बांधायचे नसते.

बसवण्याची रीत

आम्ही काम या क्रमाने केले.

पहिले, इंजिन बंद केले आणि बॅटरीची काळी तार, म्हणजे उणे टोक, आधी सोडवले. का? गाडीचा सारा पत्रा उणे टोकाला जोडलेला असतो. आधी अधिक टोक सोडवू लागलो आणि पाना पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून पेटणारा वायू निघत असतो. म्हणून तेथे विडी-सिगारेट नकोच.

दुसरे, पत्र्याच्या ज्या भोकातून तार न्यायची, तेथे रबरी कडी बसवली. तार प्लॅस्टिकच्या नळीत घातली. इंजिनचे गरम भाग आणि फिरते पट्टे यांच्यापासून ती दूर बांधली.

तिसरे, जाड तार गाडीच्या एका बाजूने नेली. टेपकडून येणारी गाण्याची बारीक तार दुसऱ्या बाजूने नेली. दोन्ही एकत्र बांधल्या तर गाण्यात इंजिनची शिटी मिसळते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिटी चढते.

चौथे, अँप्लिफायरची काळी तार गाडीच्या पत्र्याला घट्ट बोल्टने आवळली. बोल्टखालचा रंग आधी खरवडून काढला. रंगावर आवळलेली तार म्हणजे अर्धवट जोडलेली तार. ही तार लाल तारेइतकीच जाड ठेवली.

पाचवे, अँप्लिफायर सीटच्या मागे, हवा लागेल अशा जागी बसवला. त्यावर गोधडी किंवा पोते ठेवायचे नाही असे ठरवले.

शेवटी फ्यूज घातला आणि बॅटरीचे उणे टोक जोडले. काढताना उणे आधी, लावताना उणे शेवटी.

स्पीकर आणि त्याचे खोके

दोन स्पीकर दारांत बसवले. दारात बसवण्याआधी काच पूर्ण खाली करून पाहा. नाहीतर काच चुंबकावर आपटते. पावसाचे पाणी दाराच्या आत उतरते. म्हणून आतले प्लॅस्टिक फाडून टाकू नये आणि स्पीकरवर वरून आडोसा द्यावा.

स्पीकरच्या दोन टोकांना अधिक आणि उणे अशा खुणा असतात. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या, तर एकाचा कागद पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोन माणसांनी एकच करवत दोन्हीकडून एकदम ओढावी, तसे होते. ढोलाचा, पखवाजाचा भारी आवाज नाहीसा होतो. खूण पुसली असेल तर स्पीकर सुटा असताना भिंतीवरच्या घड्याळाचा सेल त्याच्या टोकांना क्षणभर टेकवा. कागद पुढे उचलला गेला, तर सेलचे अधिक टोक जेथे टेकले ते अधिक.

स्पीकरवर ओहमचा आकडाही असतो. बहुधा 4 असतो. एकाच जोडीवर दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले तर 4 चे 2 होतात आणि अँप्लिफायरवर दुप्पट ओझे पडते. तो 2 ओहम झेपणारा नसेल तर तापतो किंवा जळतो. हे अँप्लिफायरबरोबर येणाऱ्या कागदात लिहिलेले असते. ते वाचून घ्यावे.

भारी आवाजाचा मोठा स्पीकर, ज्याला पोरे वूफर म्हणतात, तो उघडा ठेवून चालत नाही. कागद पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची सैल होते. खोके नसेल तर ही हवा कडेने वळून मागे जाते. दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. म्हणून त्याला जाड फळीचे, फट नसलेले खोके हवे. आम्ही 18 मिलिमीटरची प्लायवूडची फळी घेतली. सांधे गोंदाने आणि स्क्रूने बंद केले. मग खोके बोल्टने खाली पक्के आवळले. सुटे खोके ब्रेक लागताच दगडासारखे पुढे येते. पुढे चालकाचे डोके असते, हे विसरू नये.

वॉट दुप्पट, आवाज दुप्पट नव्हे

सारे झाले तेव्हा पुतण्या हळूच म्हणाला, "तात्या, दोस्त म्हणतात, हौद्यात मोठ्या पेट्या चढव. वरातीला डीजे म्हणून गाडी लाव. आणखी थोडं कर्ज काढलं तर..."

मी पुन्हा कागद घेतला.

आवाज डेसिबलने मोजतात. दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे 60 डेसिबल असते. वॉट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला तो फरक थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला वॉट साधारण दसपट लागतात. म्हणजे दुप्पट पैसे घातल्याने दुप्पट आवाज मिळत नाही. ज्यांच्यात आवाजाची चढाओढ लागते, ते याच उतरणीवरून घसरतात. शेजारच्या गावच्या गाडीपेक्षा थोडा जास्त आवाज हवा, म्हणून पुन्हा पेट्या, पुन्हा जनरेटर, पुन्हा कर्ज.

शिवाय 4000 वॉटला 12 व्होल्टवर 333 अँपिअर लागतील. पिकअपची बॅटरी ते पेलणार नाही. मग हौद्यात 230 व्होल्टचा जनरेटर ठेवावा लागतो. बॅटरीचे 12 व्होल्ट अंगाला सहसा झटका देत नाहीत. 230 व्होल्ट जीव घेतात. उंच रचलेल्या पेट्या रस्त्यावरच्या विजेच्या तारांना लागतात, तो धोका वेगळाच. 2024 च्या ऑगस्टमध्ये बिहारमध्ये हाजीपूरजवळ यात्रेकरूंच्या डीजेच्या गाडीचा स्पर्श वरच्या जोरदार दाबाच्या तारेला झाला. किमान आठ माणसे गेली. देवाच्या दर्शनाला निघालेली माणसे ती!

कायद्याची बाजूही आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम सरकारने 2000 साली केले. लोकवस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. बाहेर ध्वनिवर्धक लावायला लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर तो लावता येत नाही. सणासुदीचे मोजके दिवस सरकार रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकते. ते दिवस वर्षात 15 हून अधिक नसतात. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याप्रमाणे गाडीची नोंदलेली रचना आपल्या मनाने बदलता येत नाही. हौद्यात सांगाडा वेल्ड करण्याआधी आर.टी.ओ.त विचारावे.

कानाला दुसरा जोड नाही

आता सर्वांत मोठी गोष्ट.

कानाच्या आत शंखासारखी वळणदार नळी असते. तिच्यात हजारो नाजूक पेशी असतात. त्यांच्या टोकांना केसांसारखे तंतू असतात. आवाजाने ते हलतात आणि आपल्याला ऐकू येते. फार मोठ्या आवाजाने त्या पेशी मरतात. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. कापलेला ऊस फुटतो, पण ही पेशी फुटत नाही.

तज्ज्ञांनी वेळेचा हिशेब घालून दिला आहे. दिवसात एवढ्या वेळेहून जास्त ऐकू नये.

85 डेसिबल: 8 तास
88 डेसिबल: 4 तास
91 डेसिबल: 2 तास
94 डेसिबल: 1 तास
97 डेसिबल: अर्धा तास
100 डेसिबल: 15 मिनिटे

दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. मोठ्या डीजेसमोर आवाज बहुधा 100 च्या वरच असतो. आणि वरात चालते तीन-तीन तास!

एका वरातीत मी पेट्यांच्या मागोमाग दोन तास चाललो होतो. पुतण्याच्याच मित्राचे लग्न होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या कानात रातकिडे ओरडत होते. रातकिडे गेले. पण तेव्हापासून उजव्या कानाने मला नातीचे हळू बोलणे नीट ऐकू येत नाही. "आजोबा, तुम्ही माझं ऐकतच नाही," असे ती रुसून म्हणते. तिला काय सांगू?

हे मी पुतण्याला त्या दिवशी प्रथमच सांगितले. तो काही बोलला नाही.

चालकाने तर जास्तच जपले पाहिजे. आवाज मोठा असला की मागची रुग्णवाहिका ऐकू येत नाही. घाटात वळणापलीकडचा भोंगा ऐकू येत नाही. आणि गाणे म्हणजे झोपेवरचे औषध नव्हे. डोळा लागू लागला तर गाडी बाजूला घ्यावी आणि घटकाभर निजावे.

मग आवाज किती ठेवावा?

शेजारी बसलेल्या माणसाशी न ओरडता बोलता आले पाहिजे. तेवढाच आवाज बरा. गाणे फाटल्यासारखे वाटू लागले, की अँप्लिफायर शक्तीबाहेर ओढला जातो आहे असे समजावे आणि आवाज कमी करावा. फाटक्या आवाजाने स्पीकरही जळतात. इंजिन बंद ठेवून फार वेळ गाणी लावू नयेत. बॅटरी 60 अँपिअर-तासांची असेल आणि गाण्याला 10 अँपिअर लागत असतील, तर तीन तासांत ती निम्मी होते. मग मध्यरात्री धक्का मारायला माणूस कोठून आणायचा?

काम संपल्यावर पुतण्याने एक अभंग लावला. बटण थोडेसेच फिरवले होते. टाळ वेगळे ऐकू आले. पखवाज वेगळा ऐकू आला. शब्द न् शब्द कळला. त्याची आई ओट्यावरून उठून गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"आवाज लहान केलास काय रे?" तिने विचारले.

"नाही आई, नीट केला," तो म्हणाला.

नव्या कर्जाची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

लक्षात ठेवा

1. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॉट. पेटीवरचा आकडा फ्यूजच्या आकड्याशी ताडून पाहा.
2. तार जाड आणि तांब्याची घ्या.
3. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवाच.
4. बॅटरी सोडवताना उणे टोक आधी, जोडताना उणे टोक शेवटी.
5. खोके आणि अँप्लिफायर बोल्टने पक्के आवळा.
6. तार जळाली तर नवी मिळते. कान गेला तर नवा मिळत नाही.